पुरात बुडालेली गाडी ‘फर्स्ट ओनर’ म्हणून गळ्यात मारतात तेव्हा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पाण्याने सांगली-कोल्हापूर बुडालं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. घरांबरोबर दारातल्या गाड्याही पाण्याखाली गेल्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते, मालकाला पैसे देते आणि भंगार लिलावात जातं. मात्र हे ‘भंगार’ बऱ्याचदा आरसीसकट विकलं जातं. आरसी रद्द झालेली नसते, आरटीओच्या नोंदीत पुराचा उल्लेख नसतो. लिलावात स्वस्तात उचललेली ती गाडी काही महिन्यांनी दुसऱ्याच शहरात ‘सिंगल हँड, नॉन अ‍ॅक्सिडेंट’ म्हणून उभी राहते.

गाडी तयार करायची पद्धत ठरलेली आहे. सीटा आणि कार्पेट काढून वाळवतात, वास जाईपर्यंत धुतात, वर नवीन सीट कव्हर चढवतात. इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल बदलतात. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे एरर कोड पुसतात. मग पावसाळा सरल्यावर, हवा कोरडी असताना ती विकायला काढतात. अशा गाडीला पेंट मीटर, म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र, लावा, सगळीकडे कंपनीचाच रंग निघेल, कारण ती ठोकलेली नसतेच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, पुन्हा मारलेला २००-३०० आणि खाली पुट्टी असेल तर ५०० च्या पुढे. डीलर स्वतःहून मीटर लावून आकडे दाखवतो आणि गिऱ्हाईक निर्धास्त होतं. पेंट मीटर अपघात पकडतं, पूर पकडत नाही.

बिघाड लगेच दिसत नाही, म्हणूनच ही फसवणूक खपते. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं गढूळ पाणी वाळलं तरी गाळ आणि ओल आत राहते, तांब्याच्या पिनांवर हिरवा गंज चढतो आणि हवेत दमटपणा आला की संपर्क तुटायला लागतो. आज पॉवर विंडो अडकते, पुढच्या महिन्यात एबीएसचा दिवा लागतो, मग गाडी चालता चालता बंद पडते. व्हील बेअरिंगचं ग्रीस धुऊन गेलेलं असतं, ती घरघरायला लागतात. पाण्यात असताना कोणी स्टार्टर मारला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी अडकून कनेक्टिंग रॉड किंचित वाकलेला असतो. इंजिन चालतं, पण थरथरतं आणि तेल खातं. सगळ्यात गंभीर गोष्ट एअरबॅगची. तिचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, फ्लोअरला लागून असतो, म्हणजे पाणी सगळ्यात आधी तिथे पोचतं. तो निकामी असेल तर धडक बसल्यावर एअरबॅग उघडणार नाही. डीलरने इथे पैसे तर घेतलेच, शिवाय गाडीत बसणाऱ्यांचा जीव धोक्यात घातला.

पुराची गाडी ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. बेल्टचा शेवटचा हातभर भाग कायम रीळवर गुंडाळलेला असतो, तो धुवायचं सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तिथे तपकिरी आडवी रेघ किंवा कडक झालेला पट्टा सापडला तर पाणी तिथवर चढलं होतं. मग पुढची सीट पूर्ण मागे सरकवून रेलचे नट पाहा. चार-पाच वर्षांच्या गाडीत आतल्या नटांवर पापुद्रे सुटलेला गंज असायचं कारणच नाही. स्टेपनी काढून खालच्या खोबणीत, तसंच डॅशबोर्डखाली टॉर्च मारून कनेक्टरच्या खाचांत गाळ आहे का बघा. किल्ली ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर बल्ब काढलेला किंवा वायर तोडलेली असू शकते. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा साधा ओबीडी स्कॅनर लावला आणि ‘रेडीनेस मॉनिटर’ (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का, ते दाखवणाऱ्या नोंदी) अपुरे दिसले, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

कागदात एक खूण हमखास तपासा, ती म्हणजे मागच्या विमा पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस. क्लेम नसेल तर तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढत जातो. गाडी एकाच मालकाची, पाच वर्षांची आणि बोनस शून्य, असं दिसलं तर क्लेम कशाचा ते विचारायचंच. नुसतं एमएच ०८ किंवा एमएच १० पाहून मात्र गाडी नाकारू नका; रत्नागिरी-सांगलीच्या बहुतेक गाड्यांना पुराचा स्पर्शही झालेला नाही, उलट बुडालेली गाडी कुठल्याही पासिंगची असू शकते.

आता व्यवहाराच्या कागदांकडे. कागदोपत्री डीलर कुठेच नसतो. मूळ मालकाने मालकी बदलायच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही केलेली असते, तुमचं नाव वर लिहिलं जातं आणि पुढे तक्रार आली की डीलर म्हणतो, ‘मी फक्त मध्यस्थ, गाडी त्यांनी विकली, तुम्ही घेतली.’ याला केंद्रीय मोटार वाहन नियमांत उत्तर आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की फॉर्म २९ सी ने आरटीओला कळवावं लागतं. तसं कळवल्यावर गाडी विकली जाईपर्यंत तो मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक धरलेला, ठरतो. टोकन देण्याआधी अधिकारपत्र आणि २९ सी दोन्ही मागा. पैसे डीलरच्या फर्मच्या खात्यात बँकेतूनच द्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि रोख दिलेली रक्कम पुढे ग्राहक आयोगापुढे सिद्ध करणंही कठीण. ‘ही गाडी पुरात बुडालेली, टोटल लॉस झालेली किंवा मोठ्या अपघातातली नाही’ एवढं एक वाक्य डिलिव्हरी नोटवर लिहून सही-शिक्का घ्या. खरा विकणारा याला नाही म्हणत नाही.

एवढं करूनही फसलात, किंवा हे वाचायच्या आधीच गाडी घरी आली असेल, तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही: गाडी उघडू नका, दुरुस्त करू नका. बहुतेक प्रकरणं इथेच हातची जातात. माणूस वैतागून ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी नेतो, मेकॅनिक वायरिंग बदलतो, जुना हार्नेस भंगारात जातो. गाडी सदोष होती हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर असते आणि पुरावा तर त्याने स्वतःच फेकून दिलेला असतो. गाडी वापरल्याशिवाय चालणारच नसेल, तर आधी डीलरला लेखी कळवा, व्हिडिओ काढा, जॉबकार्डवर दोष लिहून घ्या आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट ताब्यात ठेवा.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी तपासायला द्या आणि ‘पाणी शिरल्याच्या खुणा’ असा शेरा लेखी घ्या. तिथेच चेसिस नंबरवरून जुनी सर्व्हिस हिस्टरी मागा. किलोमीटर मागे फिरवले असतील तर तेही त्यात उघडं पडतं. त्यानंतर परवानाधारक सर्व्हेअर, म्हणजे विम्याच्या नुकसानीचं मूल्यमापन करणारा, नेमा. पाहणीची तारीख, वेळ, जागा डीलरला लेखी कळवा. तो आला तर त्याच्यासमोर पाहणी होते, न आला तर संधी दिल्याचा कागद तुमच्याकडे राहतो. अहवालात चेसिस आणि इंजिन नंबर, मीटर रीडिंग, फ्लोअरपासून किती उंचीवर गाळाची रेघ आहे आणि कोणते कनेक्टर गंजलेत हे फोटोंसह हवं. आणि एक मत स्पष्ट हवं, की हे नुकसान विक्रीच्या तारखेआधीचं आहे. ते वाक्य नसेल तर अहवालाचं वजन निम्मं होतं. म्हणूनच जानेवारीत घेतलेली गाडी जूनच्या आत तपासून घ्या. एकदा पावसाळा गेला की ‘यांनीच साचलेल्या पाण्यात घातली’ हा बचाव तयार असतो.

नोटीस वकिलाकडूनच द्यावी असं बंधन नाही. काय सांगून विकली, काय निघालं, काय हवं आणि किती दिवसांत, एवढं लिहून स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. ती निवाडा देत नाही, पण समोरच्याने काय उत्तर दिलं याची नोंद राहते. गाडी ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून घेतली असेल तर ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निपटारा करायचा असतो. जाहिरातीचं पान आणि तपासणी अहवाल लगेच उतरवून घ्या, नंतर ते पान गायब होतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. करारात ‘फक्त अमुक शहरातील न्यायालय’ किंवा ‘वाद लवादाकडे’ असं छापलेलं असलं तरी हा मार्ग बंद होत नाही. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत तर फी शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘करून देतो, थांबा’ म्हणत डीलर ती संपवू पाहतो, त्याला बळी पडू नका. सामनेवाले म्हणून डीलर आणि मूळ मालक दोघांनाही घाला, म्हणजे एकमेकांवर ढकलायची सोय राहत नाही. तक्रारीत ‘सदोष वस्तू’, ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे तिन्ही मुद्दे मांडा. व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि कॉल रेकॉर्डिंग लावणार असाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. सर्व्हेअरचं शपथपत्र विसरू नका. मूळ विमा कंपनी टोटल लॉसची फाइल तुम्हाला देत नसेल, तर ती मागवण्यासाठी आयोगाकडे अर्ज करा. कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयोगाला आहेत. या एका अर्जाने अनेकदा सगळं चित्र बदलतं, कारण त्या फाइलमध्ये पाण्यात उभ्या असलेल्या तुमच्याच गाडीचे फोटो असतात.

सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांनंतरचं उत्तर घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याचा मुख्य बचाव असतो ‘गाडी जशी आहे तशी विकली’. या अटीला अर्थ आहे, पण तो झिजलेल्या क्लचपुरता, टायरपुरता, कमी झालेल्या अ‍ॅव्हरेजपुरता. माहीत असलेला पूर लपवून ‘नॉन अ‍ॅक्सिडेंट, एकदम क्लीन’ म्हणणं या अटीखाली झाकता येत नाही. दुसरा बचाव, ‘तुम्ही मेकॅनिक आणला होता’. करार कायद्याचं कलम १९ सांगतं की साधी काळजी घेतली असती तर सत्य कळलं असतं, अशा ठिकाणी नुसतं मौन बाळगलं म्हणून करार रद्द करता येत नाही. म्हणून डीलर गप्प बसला असं नव्हे, तर तो नेमकं काय खोटं बोलला हे दाखवणं गरजेचं. जाहिरातीतली आणि डिलिव्हरी नोटवरची वाक्यं इथे कामाला येतात.

गाडी थेट एखाद्या घरगुती मालकाकडून घेतली असेल, म्हणजे विक्री हा त्याचा धंदा नसेल, तर ग्राहक आयोगात प्रकरण टिकणं अवघड असतं. तिथे दिवाणी दावा, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. जाणूनबुजून खोटी कागदपत्रं किंवा फिरवलेलं मीटर असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांतही तक्रार होते. टॅक्सी म्हणून घेतलेली गाडी स्वतः चालवून पोट भरत असाल तर तुम्ही ग्राहक ठरता. चार गाड्या भाड्याने फिरवत असाल तर नाही.

आदेश झाला की सामनेवाला अपिलात जाऊ शकतो, पण ४५ दिवसांत आणि आदेशातली निम्मी रक्कम भरून. आदेश पाळला नाही तर कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, असे दोन वेगळे अर्ज करता येतात. ‘गाडी परत घेऊन पैसे द्या’ असा आदेश असेल तर रक्कम खात्यात जमा होण्याआधी किल्ली देऊ नका, आणि किल्ली देताना आरसीवरचं नाव बदलण्याचे फॉर्म भरून त्याची पोच घ्या. नाव तुमचंच राहिलं आणि ती गाडी पुढे कुठे धडकली, तर भरपाईसाठी नोंदणीकृत मालक म्हणून तुम्हालाच बोलावलं जाईल.