कामात डोकं तापलं की १ मिनिट श्वास घ्यायचा की १० मिनिटं चालायचं?

एका मैत्रिणीने विचारलं म्हणून लिहितेय, मी दोन्ही करते. वेळ बघाल तर श्वासच सोपा, मीटिंगमध्ये बसल्या बसल्या होतो, कोणाला कळतही नाही. ४ आकडे मोजत आत, ६ मोजत बाहेर, असं ५-६ वेळा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात म्हणून रागाचं मेल पाठवायच्या आधी हे खरंच वाचवतं. पण आखडलेली मान, थकलेले डोळे तसेच राहतात ना, तिथे चालणंच हवं, फक्त फोन टेबलावर ठेवून जा. सवय टिकायला मात्र चालणं अवघड, काम वाढलं की तेच आधी सुटतं.

अचानक भडका उडत असेल तर श्वास, दिवसभर बसून मेंदू जड होत असेल तर चालणं.