गुडघ्याआधी मान तपासणारा विभाग

आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जिना चढताना तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला सरकायची. ती रडत नसे; पायरीवर बसून तळहाताने वाटी जागेवर ढकलायची, आणि म्हणून दुखणे किरकोळ समजून आम्ही दोन वर्षे दवडली.

शेवटी शहरातल्या एका खासगी रुग्णालयाचा बालअस्थिरोग विभाग गाठला. या मुलांचे सांध्यांचे बंध मुळातच सैल आणि स्नायू ढिले असतात, त्यामुळे आधी मांडीचे व्यायाम आणि पट्टा, व त्याने भागले नाही तरच शस्त्रक्रिया, असे डॉक्टरांनी सांगितले. सहा महिने व्यायाम करूनही तिचे पडणे थांबेना.

तारीख ठरवण्याआधी त्यांनी मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन तिचे एक्स-रे काढले. गुडघ्याला मान कशाला, असे सासूबाईंनी विचारलेच. या मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो आणि भूल देताना मान जास्त हलली तर मज्जारज्जूला इजा होण्याची भीती असते, हे भूलतज्ज्ञांनी त्यांना खुर्ची देऊन, न कंटाळता समजावले. हृदयाचा इको आणि थायरॉइडची तपासणी झाली. ती रात्री घोरते का, हेही विचारले गेले. या विभागाला मी मनापासून गुण देते ते याच तयारीसाठी.

शस्त्रक्रियेत वाटीच्या बाहेरच्या बाजूची ओढ सैल केली आणि आतला बंध मांडीमागच्या स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घेऊन नव्याने बांधला. हाडांची वाढ चालू असल्याने नडगीच्या हाडाला हात लावला नाही. वाटी पुन्हा सरकू शकते, हेही आधीच स्पष्ट सांगितले होते.

तक्रार आहे ती फिजिओथेरपीची. हातात इंग्रजी कागद दिला आणि ‘रोज वीस वेळा पाय उचला’ असे सांगितले, तेही तिच्याकडे न पाहता मला. तिला मोजता येते पाचपर्यंत. शेवटी घरीच आम्ही पाच वेळा पाय उचलला की एक शेंगदाणा असा हिशेब बसवला. चार शेंगदाणे झाले की व्यायाम संपला. तिथे जाणाऱ्या पालकांनी शस्त्रक्रियेच्या आधीच फिजिओथेरपिस्टला भेटावे आणि मुलाला सोबत न्यावे.

आता चार महिने झाले आहेत. जिना चढताना ती कठडा धरते, पण मध्येच बसत नाही.