मर्सिडीज ई २२० डी : ड्रायव्हरच्या सीटवरून

मी सांगलीत ड्रायव्हर आहे. आधी ट्रॅक्स, मग सुमो, मग इनोव्हा आणि २०२१ पासून डॉक्टरसाहेबांची मर्सिडीज ई २२० डी. नेटवर या गाडीबद्दल लिहिणारे बहुतेक मालक असतात, नाहीतर एक दिवस चालवून परत देणारे. ज्याच्या खिशात रोज चावी असते, जो गाडी पुसतो, हवा बघतो, रात्री पेठ नाक्यावरून माणसं सुखरूप घरी आणतो, त्याला कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

गाडी आपल्या चाकणची. लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३०७९ मिलिमीटर. परदेशात मिळणाऱ्या साध्या ई-क्लासपेक्षा १४० मिलिमीटर जास्त, आणि ती सगळी जागा मागे बसणाऱ्याच्या पायाला मिळाली आहे. दोन लिटरचं डिझेल इंजिन, नऊ गियरचा ऑटोमॅटिक. माझं मत आधीच सांगतो: मी आजवर चालवलेल्या गाड्यांत इतकी भरवशाची गाडी दुसरी नाही. पण तिचे कायदे आहेत, आणि ते एकट्या ड्रायव्हरला माहीत असून भागत नाही. घरातली माणसं, धुणारा पोरगा, पंक्चरवाला, सगळ्यांना ते ठाऊक पाहिजेत. माझ्या मुलीनं बारावीच्या सुट्टीत गाडीची इंग्रजी पुस्तिका मला पानपान वाचून दाखवली. खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं तिथून शिकलो, बाकीचं रस्त्यावर.

सगळ्यात आधी दांडी. मारुती, महिंद्रा, टोयोटा अशा आपल्या नेहमीच्या गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो. इथे इंडिकेटर आणि वायपर एकाच दांडीवर, डाव्या हाताला. उजवीकडची दांडी गियरची. खाली दाबली की डी, म्हणजे पुढे; वर केली की आर, म्हणजे मागे; टोकाचं बटण दाबलं की पी, म्हणजे पार्किंग. इनोव्हातून उतरून यात बसलेला माणूस वळताना सवयीनं उजवी दांडी उचलतो आणि चालत्या गाडीत न्यूट्रल पडतो. ओव्हरटेक करताना असं झालं तर गाडीची ओढच जाते. मॅडमचे भाऊ पुण्याहून आले की चावी देण्याआधी मी त्यांना कंपाउंडमध्येच दोन चकरा मारायला लावतो. त्यांनाही ते पटलंय, कधी रागावले नाहीत.

सिग्नलला ब्रेक जरा जोरात दाबला की पडद्यावर ‘होल्ड’ येतं आणि पाय काढला तरी गाडी जागची हलत नाही. मिरजेच्या गर्दीत ही फार मोठी सोय आहे. मात्र होल्डवर गाडी सोडून उतरायचं नाही. उतरायचं तर पी, मगच दार.

आता मागच्या सीटचं. ही गाडी लोक मागे बसण्यासाठीच घेतात. पाठ ३७ अंशांपर्यंत मागे जाते, पाय लांब करता येतात, पुण्याहून येताना माणूस खंबाटकी घाटातच झोपतो. आणि पट्ट्याचा विषय निघाला की हीच माणसं नाक मुरडतात. डॉक्टरसाहेबांच्या आई मला म्हणाल्या होत्या, “अरे बापू, मागं कशाला रे पट्टा? साडी चुरगळते.” मी म्हटलं, “आई, पट्टा लागला की लगेच निघूया.” इंजिन चालू, एसी चालू, आणि मी पीवरून हललो नाही. आता त्या बसल्या बसल्या आपणच पट्टा ओढतात.

हा हट्ट मी विनाकारण करत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, ती गाडीसुद्धा मर्सिडीजच होती, जीएलसी. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, ते दोघे गेले. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीनं काम करते. पट्ट्यानं माणूस जागेवर धरला तरच बॅग त्याला झेलते. आणखी एक, पाठ पूर्ण मागे टाकून झोपलं की पट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या हाडावरून पोटावर सरकतो. धडक बसली तर आतड्याला मार. म्हणून हायवेला लागलो की मी मागे सांगतो, “साहेब, सीट थोडी वर घ्या.” ते स्वतः सर्जन आहेत, त्यांना याच्यापुढे काही सांगावं लागत नाही.

सीट कव्हरचंही तसंच. गाडी नवी असताना एका अॅक्सेसरीवाल्यानं लेदरची जाड कव्हरं गळ्यात मारायचा प्रयत्न केला. पुढच्या सीटच्या बाजूला शिवणीत एअरबॅगचं बारकं लेबल आहे, बोट फिरवलं तर लागतं. बॅग त्या शिवणीतून फुटून बाहेर येते. वरून कव्हर घट्ट शिवलं तर ती उशिरा उघडेल, नाहीतर भलतीकडे. आम्ही कव्हर घातलं नाही. पुढे लोखंडी गार्डही नाही. केंद्रानं त्याला डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली, शिवाय गार्ड असला की धडकेचा जोर बंपरनं खायच्या ऐवजी थेट चॅसीवर जातो. काचेला काळी फिल्म नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१२ चा आहे. नातवाची सीट मागे कडेला, आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांच्या सीटसाठी गाडीतच दिलेल्या कड्यांना अडकवलेली. मांडीवर पोर घेऊन मी गाडी काढत नाही.

चालवताना सगळ्यात जास्त फसवते ती या गाडीची शांतता. शंभरला साठसारखं वाटतं. सुमोत ऐंशीला काचा वाजायच्या, स्टिअरिंग थरथरायचं, माणूस आपसूक पाय ढिला सोडायचा. इथे कान काहीच सांगत नाहीत. म्हणून वेगाची मर्यादा गाडीतच लावून ठेवायची, लिमिटर आहे. लांबच्या फेरीला कपाचं चित्र दाखवून थांबायला सांगते, तेव्हा थांबायचंच. मी कराडच्या आसपास चहाला थांबतोच, चित्र येवो न येवो.

आणि गळीत हंगाम. आष्टा, इस्लामपूर, पेठ, या रस्त्यांवर रात्री ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या शेंड्यांनी झाकलेला. समोरून अप्परवर येणारी गाडी डोळ्यांत मारते आणि त्या झोतामागे ट्रॉली दिसतच नाही. गाडीत ब्रेक कितीही चांगले असोत, दिसल्याशिवाय पाय जात नाही. या महिन्यांत रात्री माझी सत्तरच्या वर जायची तयारी नसते. मालकांनी ड्रायव्हरला वेळेवरून टोचू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. डॉक्टरसाहेब टोचत नाहीत.

देखभालीत सांगलीसारख्या गावात या डिझेल गाडीचा खरा त्रास डीपीएफचा, म्हणजे धुराच्या वाटेवरच्या काजळीच्या फिल्टरचा. आमची रोजची फेरी गावभागातून मिरजेच्या हॉस्पिटलला, तेवढ्यात इंजिन नीट तापतसुद्धा नाही. फिल्टर काजळी साठवतो आणि ती जाळून टाकायला आतली उष्णता सहाशे अंशांच्या घरात जावी लागते. ती गावात रखडत चालवून मिळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला काढायची, पेठ नाक्यावरून कोल्हापूरच्या बाजूला, एका लयीत, मध्ये बंद न करता. ज्यांची गाडी फक्त बंगला ते दुकान जाणार आहे त्यांनी ही डिझेल घेऊच नये, पेट्रोल बघावी. शोरूममध्ये हे तुम्हाला आपणहून कुणी सांगेल असं धरून चालू नका.

यातून निघणारी एक गोष्ट आपल्या भागात जिवावरची आहे. असा फिल्टर जळत असताना किंवा हायवेवरून नुकतं उतरल्यावर खालचा पाइप भयंकर तापलेला असतो. साहेबांची शेती तासगावच्या पुढे. मळ्यावर गेलं की गडी म्हणतात, “घ्या की झाडाखाली.” झाडाखाली वाळलेलं गवत, उसाच्या कडेला पाचट. त्यावर ही गाडी उभी करायची नाही. उंची कमी, पाइप आणि पाचट यांत वीतभर अंतर. मी उन्हात का असेना, मोकळ्या मातीवरच लावतो. बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो. तेव्हा बोनेट उघडून आत हात घालणाऱ्या पोरांना लांब ठेवायचं.

डिझेलच्या टोपणाशेजारी निळं टोपण आहे, ते धूर साफ करायला लागणाऱ्या अॅडब्लूचं. पाणी आणि ३२.५ टक्के युरिया, ट्रकवाले याला डीईएफ म्हणतात. संपत आलं की गाडी आधी इशारा देते, किती किलोमीटर उरले ते सांगते. शून्यावर जाऊ दिलं तर चालू गाडी बंद पडत नाही, पण बंद केली की परत स्टार्ट होत नाही. पंपावर सीलबंद कॅन घ्यायचा, उघड्या बॅरलमधलं नाही. धुळीचा कण आतली नळी अडवतो. भरताना मी स्वतः उभा राहतो, कारण ते चुकून डिझेलच्या तोंडात गेलं तर चावीला हात न लावता टाकी उतरवणं एवढाच मार्ग उरतो.

इंजिन ऑइलच्या डब्यावर पुस्तिकेत दिलेला नंबर पाहिजे, आमच्यात २२९.५२ चालतं. ‘सिंथेटिक आहे, चालतंय की’ म्हणणाऱ्याकडून भरू नका, चुकीच्या ऑइलची राख त्याच फिल्टरमध्ये जाऊन बसते आणि ती जळत नाही. सर्व्हिस १५,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. आमचं वर्ष आधी भरतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, किलोमीटर कितीही कमी असले तरी.

टायर. हवेचा तक्ता डिझेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आहे, माणसं किती आणि सामान किती त्याप्रमाणे वेगळे आकडे. सकाळी, टायर गार असताना बघायचं. भरून झालं की पडद्यावरून प्रेशरची यंत्रणा नव्यानं सुरू करायची, नाहीतर ती जुनाच आकडा धरून बसते. टायरवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. कमी फिरणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, नक्षी बघून फसू नका. या गाडीला नट नसतात, बोल्ट असतात, म्हणजे चाक काढलं की ते हबवर टांगून राहत नाही, हातानं तोलावं लागतं. एका पंक्चरवाल्यानं लांब पाइप लावून त्यावर उभं राहून बोल्ट आवळायला घेतले, तेव्हा त्याला मी थांबवलं. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळायचा पाना, आता डिकीतच ठेवतो. जॅक ठरलेल्या जागीच लागतो, दाराखालच्या पत्र्याला लावला की पत्रा आत जातो. छोट्या स्टेपनीवर ८० च्या वर जायचं नाही.

सांगलीत राहून कृष्णेचं न बोलता चालत नाही. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलेलं सगळ्यांच्या लक्षात आहे. २०२१ च्या जुलैत गाडी नवी होती. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली तशी मी डॉक्टरसाहेबांना विचारलं आणि पाणी चाळीसला पोचायच्या आत गाडी मिरजेला हॉस्पिटलच्या आवारात नेऊन लावली. शेजारी म्हणत होते, “अजून लई वेळ हाय.” पण रस्त्यावर पाणी आल्यावर ही गाडी काढायची सोयच राहत नाही. पत्र्याच्या खालच्या कडेला पाणी लागत असेल तर त्यात घालायची नाही. हवेच्या वाटेनं पाणी इंजिनात गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि आतला रॉड वाकतो. पाण्यात बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक बोलवा, दोरी लावून ओढू नका. आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट वेगळं घेतलंय का ते आजच बघा, पाण्यात पुन्हा स्टार्ट केलेल्या इंजिनाचा क्लेम साध्या पॉलिसीत अडतो.

उणिवा म्हणाल तर पोट खाली आणि अंग लांब. गावोगावी घरासमोर घातलेले उंच स्पीडब्रेकर तिरके घेतले तरच सुटतात, आणि बोळातून वळताना मागचं चाक आत कापतं.

एक छोटी पण फार मोलाची गोष्ट सांगायची राहिली. डिझेलच्या झाकणाच्या आत आणि पलीकडच्या बाजूला दाराच्या खांबावर क्यूआर कोडचं स्टिकर आहे. अपघात झालाच तर सोडवायला आलेल्यांनी तो मोबाइलवर घेतला की कुठे कापायचं, कुठे एअरबॅग, कुठे बॅटरी, सगळा नकाशा दिसतो. पॉलिशवाल्यानं ते खरवडून काढू नये म्हणून धुण्याच्या दिवशी मी तिथे उभा असतो. इंजिनावर प्रेशरचं पाणी मारू देत नाही. बोनेटच्या मागच्या खाचेत गुलमोहराची पानं साठतात, ती हातानं काढतो, नाहीतर पावसाचं पाणी आत कार्पेटवर उतरतं.

जुनी ई-क्लास घ्यायचा विचार असेल तर बोलणी करण्याआधी चारही पट्टे शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुरातली गाडी किती घासली, पॉलिश केली तरी पट्ट्याच्या तळाशी मळकट रेघ राहते. मग डिकीतली स्टेपनी उचला आणि तिच्या खालच्या खळग्यात बोट फिरवा. बारीक गाळ लागला तर किंमत कितीही उतरवून देत असतील, तिथूनच माघारी फिरा. काही लागलं नाही तर चॅसी नंबरवरून कंपनीकडचं सर्व्हिस रेकॉर्ड मागवा, त्यात दरवर्षीची नोंद आहे का ते बघा, आणि मगच चालवून बघायला चावी मागा.