भाड्याची कॅम्पर व्हॅन, पावसातलं वाळवंट आणि अण्णांची उशी

पाचपैकी तीन तारे देतेय, आणि त्यातला एक एकट्या डिझेल हीटरचा आहे. पुढचं वाचायचा कंटाळा असेल तर एवढं लक्षात ठेवा: छत वर उचलून झोपायची व्हॅन पावसाळी हवेत घेऊ नका. घेतलीत तर वर झोपू नका. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडून का होईना, त्यांनी शेवटी थोडे पैसे परत केले.

फेब्रुवारी 2024, तिसरा आठवडा. आम्ही कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे, मी आणि नवरा, सोबत मेहकरहून आलेले माझे वडील, अण्णा. वय 71, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात. डेथ व्हॅलीत तळं साचलंय हे त्यांनी बातमीत वाचलं आणि मग त्यांना लास वेगासही नको, डिस्नेलँडही नको. ‘वाळवंटात तळं साचलं म्हंते, अन् आपण घरात बसून चहा पियाचा?’

भाडं रात्रीला 165 डॉलर, दिवसाला 150 मैल फुकट, वर प्रत्येक मैलाला 35 सेंट. सहा दिवसांत आमचे बाराशे मैल झाले, म्हणजे 105 डॉलर जास्तीचे. हे आधी कागदावर मांडून बघा, वेबसाइटवर ते अगदी तळाशी असतं.

पहिला तारा तिथेच गेला जिथे सिएरा नेवाडाचे डोंगर चढायला लागतो. हायवे 80 वर बर्फामुळे चेन कंट्रोल लागलेलं, म्हणजे टायरला साखळ्या लावायची सक्ती. कंपनीने दिलेल्या चेन पिशवीतून काढल्या तर त्या दुसऱ्याच मापाच्या, टायरला येईनात. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘जवळच्या दुकानातून घ्या, बिल पाठवा.’ ऑबर्नच्या दुकानाबाहेर आमच्यासारखीच रांग. तेव्हा गाडी ताब्यात घेताना चेन एकदा टायरला लावूनच बघा. पार्किंग लॉटमध्ये लोक हसले तर हसू देत.

पहिली रात्र पिरॅमिड लेकवर. हे तळं पायूट जमातीच्या हद्दीत आहे, मुक्कामाचा परवाना त्यांच्याकडूनच घ्यायचा, ऑनलाइन मिळतो. 1844 मध्ये जॉन फ्रीमाँट इथे पोचला, पाण्यातून वर आलेला तो टोकदार खडक बघून त्यानेच हे नाव दिलं. आमच्या गावाचं नाव त्याच्यावरूनच, पण इतकी वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी नेऊ नका. आम्ही नेली नाही. शेजारच्या पिकअपवाल्याने नेली आणि अंधार पडेपर्यंत फावडं चालवत होता.

ताहो तळ्याचं पाणी ट्रकी नदीतून येऊन इथे संपतं, पुढे वाट नाही. अण्णांनी लगेच विचारलं, ‘वर धरण कोणतं?’ डर्बी धरण, 1905 चं. नदीचं पाणी तिथून शेतीकडे वळवलं, आणि पिरॅमिडला लागून असलेलं विनेमुका तळं 1930 च्या दशकात साफ कोरडं पडलं. अण्णा मान हलवत म्हणाले, ‘टेलच्या माणसाचं कोणी आयकत नाही. इथंबी नाही.’ आयुष्यभर त्यांनी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या आहेत.

आता छताविषयी. वरचा बिछाना कापडी तंबूत असतो. आम्ही दोघं वर झोपणार होतो, पण अण्णांनी हट्ट धरला की ज्वारीच्या राखणीला मचाणावर झोपलेला माणूस मी, मलाच वर पाठवा. दुसऱ्या रात्री वॉकर लेकला पाऊस लागला. ओल्या कापडाला आतून काही टेकलं की पाणी तिथून झिरपायला लागतं, हे तंबू वापरणाऱ्याला ठाऊक असतं. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळ नाही. अण्णांची उशी रात्रभर कापडाला टेकलेली. पहाटे ती पिळली तर तांब्याभर पाणी निघालं असतं. शिवाय खिडकीच्या झिपची शिवणही गळत होती, ती चूक मात्र उशीची नव्हे. उरलेल्या रात्री छत खाली, तिघं एका पातळीवर, आणि नवऱ्याचे पाय पुढच्या सीटवर.

स्वयंपाकघर मागच्या दरवाज्यात. दार वर उघडलं की ते डोक्यावर छप्परासारखं राहतं, ऐकायला छान. प्रत्यक्षात त्याच्या कडेवरून पाण्याची धार थेट मानेवर येते. शेगडी ब्यूटेनच्या डब्यावर चालते, आणि ब्यूटेनचा वायू शून्याच्या आसपास होईनासा होतो. वॉकरच्या थंडीत ज्योत मिणमिणली, खिचडी अर्धकच्ची. डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपलं की सकाळचा चहा तरी होतो. आत शेगडी पेटवायचा मोह टाळा. धोका आहेच, वर वाफेने काचा अशा घामेजतात की पांघरुणंही ओली. डिझेल हीटर मात्र सोन्यासारखा. हवा कोरडी ठेवतो, ओले मोजे दोन तासांत वाळवतो.

वॉकर लेकबद्दल थोडंच सांगते, कारण बघून वाईट वाटतं. 1880 च्या दशकापासून पातळी दीडशे फुटांहून जास्त उतरली, खारटपणा वाढत गेला आणि ट्राउट मासा संपला. डोंगरावर जुन्या पाण्याच्या रेघा दिसतात. अण्णा किनाऱ्यावर उकिडवे बसून पाण्यात बोट बुडवून बघत होते. ‘हे तं आपलं लोणारच हाय. तसंच बुळबुळीत.’ मग हॉथॉर्नला दारूगोळ्याची कोठारं मैलोनमैल बघत पुढे गेलो. तिथे टाकी भरून घ्या, पुढचं गाव टोनोपा शंभर मैलांवर आहे.

डेथ व्हॅलीत सनसेट कॅम्पग्राउंडला उतरलो. खडीचं मोठं मैदान, झाड नाही, आधी येईल त्याला जागा. दिसायला एसटी स्टँड, पण पावसात खडीवर चिखल होत नाही, म्हणून मला आवडलं. जमीन एवढी कडक की छताला लावायच्या कापडी पडद्याची खुंटी ठोकताना कंपनीची हातोडी वाकली. (हातोडीचे पैसे त्यांनी लावले नाहीत. नोंद करून ठेवतेय.)

आणि बॅडवॉटर. समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली, एरवी पांढऱ्या मिठाचा माळ. ऑगस्ट 2023 मध्ये हिलरी वादळाने एका दिवसात 2.2 इंच पाऊस टाकला, इथे वर्षभरात पडतो त्याहून जास्त. डेथ व्हॅलीचं राष्ट्रीय उद्यान दोन महिने बंद होतं. फेब्रुवारीत पुन्हा पाऊस झाला आणि तळं भरलं: सहा मैल लांब, तीन मैल रुंद, खोली जेमतेम फूटभर. लोक कयाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या) घेऊन आलेले. टेलिस्कोप शिखराचा बर्फ पाण्यात उलटा दिसत होता. अण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि चालत सुटले. मी हाका मारत होते, ते वळेनात. बऱ्याच वेळाने परत आले, पोटऱ्यांवर मिठाचा पांढरा थर. एवढंच म्हणाले, ‘बिना धरणाचं साचलेलं आहे.’

ते मीठ गाडीच्या मॅटवर सांडलं. परत देताना सफाईचे 75 डॉलर लावले. मी ओली उशी, गळकी झिप आणि न बसणाऱ्या चेन यांचे फोटो पाठवले. चार ईमेलनंतर 40 डॉलर परत आले, चेनच्या बिलाचे पैसे अजून आलेले नाहीत. गाडी घ्यायच्या आधी छताच्या झिपवर बाटलीभर पाणी ओतून बघायला सांगा. नाही म्हणाले तर दुसरी व्हॅन मागा, शक्यतो पत्र्याच्या छताची.