व्हीएसएफटीपीडी : ऑफिसच्या नेटवर्कात चोख, बाहेर जरा जपून

लग्नसराईत सांगलीतल्या फोटो स्टुडिओपासून छापखान्यापर्यंत अल्बमच्या फायली अजूनही पेनड्राइव्हवरून फिरतात, आणि शेवटची कॉपी कुठली यावरून वाद होतात. जुन्या पीसीवर उबंटू ही लिनक्स सिस्टीम टाकून व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फायली पाठवू-घेऊ देणारा प्रोग्रॅम, बसवला तर ही पायपीट थांबते. फुकट आहे, दोन जीबी रॅममध्ये आरामात चालतो. मात्र जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जाणार नाही; आधी गिगाबिट स्विच घ्या.

'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएसएफटीपीडी' एवढ्यावर इन्स्टॉल होतो. खरं काम ईटीसी फोल्डरातल्या व्हीएसएफटीपीडी.कॉन्फ या फाइलमध्ये. उबंटूवर 'राइट_एनेबल=यस' ही ओळ # लावून बंद ठेवलेली असते; ती उघडेपर्यंत अपलोडला ५५० नंबरचा नकार येत राहतो. नव्या फायलींची परवानगी ठरवणारी 'लोकल_युमास्क=०२२' ही ओळसुद्धा उघडा, नाहीतर ०७७ लागू होतो आणि एकाने टाकलेली फाइल दुसऱ्याला उघडत नाही. बरोबरच्या चिन्हाशेजारी स्पेस सोडलीत तर सर्व्हिस उठतच नाही.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो '५०० ऊप्स' हा एरर. युजरला त्याच्याच फोल्डरात कोंडण्यासाठी 'सीएचरूट_लोकल_युजर=यस' केलं की लॉगिनच नाकारलं जातं. कोंडलेल्या जागेचं मूळ फोल्डर युजरला लिहिता येत असेल, तर तिथे नको त्या फायली पेरता येतात, म्हणून हा अडसर. इंटरनेटवर 'अलाऊ_रायटेबल_सीएचरूट=यस' हा तोडगा सर्रास सांगतात. चालतो, पण ते कुलूप काढून दार उघडण्यासारखं आहे. मूळ फोल्डर रूटच्या, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य अ‍ॅडमिन खात्याच्या, मालकीचं करा, युजरची लिहायची परवानगी काढा, आत 'अल्बम' नावाचं फोल्डर करून ते युजरच्या नावावर द्या.

लॉगिन होतं पण यादी येत नाही, नुसतं फिरत राहतं? दोष पॅसिव्ह पोर्टचा, म्हणजे यादी आणि फायली ज्या वेगळ्या पोर्टवरून जातात त्यांचा. 'पीएएसव्ही_मिन_पोर्ट' ४०००० आणि 'पीएएसव्ही_मॅक्स_पोर्ट' ४०१०० ठेवा, आणि फायरवॉलमध्ये एफटीपीच्या २१ नंबरच्या पोर्टसोबत ही रांगही उघडा. मग सर्व्हिस रीस्टार्ट.

बाहेरच्या ग्राहकांसाठी मात्र हा आमची पहिली पसंती नाही. टीएलएस हे एन्क्रिप्शन न लावता पासवर्ड उघडाच जातो. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं, त्यामुळे लिंक पाठवून भागत नाही, ग्राहकाला फाइलझिलासारखा एफटीपी प्रोग्रॅम घ्यायला लावावं लागतं. त्यापेक्षा ओपनएसएसएच या रिमोट लॉगिनच्या सॉफ्टवेअरमधलं एसएफटीपी बरं: सगळं एन्क्रिप्टेड, एकच पोर्ट, पॅसिव्हची कटकट नाही. अर्थात कनेक्शन सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच पब्लिक आयपीमागे, असेल तर दोन्हींना पब्लिक आयपी मागून घ्यावाच लागेल.

पॅकेज उबंटूच्याच रिपॉझिटरीतून, म्हणजे अधिकृत साठ्यातून, घ्या. २०११ मध्ये व्हीएसएफटीपीडीच्या २.३.४ आवृत्तीच्या मूळ डाउनलोड फाइलमध्येच कोणीतरी चोरदार घुसवलं होतं. युजरनेममध्ये हसरा चेहरा टाइप केला की ६२०० पोर्ट उघडायचा.

आणि याला बॅकअप समजू नका. त्याच नावाची फाइल पुन्हा चढवली की जुनी न सांगता जाते. नावातच तारीख घाला. पुराच्या भीतीने मशीन वरच्या मजल्यावर ठेवा. सांगलीत इर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेली होती.