साइटमॅप आधी की आतल्या लिंक?

नवी वेबसाइट उभी राहिली की पहिला सल्ला मिळतो, ‘साइटमॅप टाका.’ टाकावाच. गूगलने 2005 मध्ये आणलेली ही एक्सएमएल फाइल म्हणजे शोधयंत्राच्या हाती दिलेली पत्त्यांची यादी. एका फाइलमध्ये 50,000 पत्ते मावतात. पान शेवटचं कधी बदललं ती तारीख खरी असेल, तर गूगल ती विचारात घेतं. पान किती महत्त्वाचं हे सांगणाऱ्या ‘प्रायॉरिटी’च्या आकड्याकडे मात्र बघतही नाही. तरी लोक सगळ्या पानांना 1.0 देऊन मोकळे होतात!

पण ही यादी वाचक कधी उघडत नाही.

आतल्या लिंक, म्हणजे साइटच्या एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या लिंक, वाचक आणि शोधयंत्र दोघांच्याही कामाच्या. पुस्तकविक्रीच्या साइटवर ‘येथे क्लिक करा’ऐवजी ‘2023 चे दिवाळी अंक’ असं लिहिलं, की वाचकाला आपण कुठे जातोय ते कळतं आणि गूगललाही पलीकडच्या पानाचा विषय समजतो. कोणत्या पानाकडे जास्त वाटा जातात, यावरून त्याचं वजनही ठरतं. नुसत्या यादीतून हे उमगत नाही. अट एकच: लिंक खरी, म्हणजे पानाच्या कोडमध्ये पुढचा पत्ता सांगणारं ‘एचरेफ’ असलेली हवी. जावास्क्रिप्टच्या बटणामागे दडवलेली वाट क्रॉलरला, म्हणजे पानं शोधत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामला, सहसा सापडत नाही.

रोज शेकडो पानं वाढणाऱ्या बातम्यांच्या साइटला साइटमॅप हवाच. साधारण 500 पानांच्या आतल्या, नीट जोडलेल्या साइटचं मात्र त्यावाचून अडत नाही, असं गूगलच सांगतं. हाताशी एकच दुपार असेल, तर मी ती लिंकवर घालवेन. साइटमॅप काय, 2020 च्या 5.5 आवृत्तीपासून वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर तो आपणहून बनवतं.