टोबोट बघायला कुठे न्यायचं : स्टार्व्ड रॉक की ऑल्टन?

भारतातून आलेल्या आई-बाबांचं शिकागो झालं, नायगरा झाला, की पुढचा शनिवार कुठे घालवायचा हा प्रश्न पडतोच. इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनकरांना मी सुचवतो ते एकच : टोबोट, म्हणजे ढकलणारी बोट, आणि तिच्यापुढच्या बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू होड्या, लॉकमधून कशा उतरतात ते दाखवा. लॉक म्हणजे धरणापाशी पाणी भरून-सोडून होड्या वर-खाली नेणारं, दारं असलेलं खोकं. मग आय-३९ धरून उत्तरेला इलिनॉय नदीवरच्या स्टार्व्ड रॉकला जायचं, की आय-५५ ने दक्षिणेला मिसिसिपीवरच्या मेल्विन प्राइस लॉकला, म्हणजे ऑल्टनला? पहिलं तासाभरावर, दुसरं दोन तासांच्या वर. पण अंतर हा मुद्दा तूर्त सोडून देऊ.

सोयींचं म्हणाल तर ऑल्टन सरस. १९९० मध्ये सुरू झालेलं १२०० फुटी लॉक, शेजारी नॅशनल ग्रेट रिव्हर्स म्युझियम, प्रवेश फुकट. ठरावीक वेळी गाईड वर धरणावर घेऊन जातो. लहान मुलं बरोबर असतील, किंवा कुणाचे गुडघे दुखत असतील, तर मी वाद घालणार नाही.

माझं मन उडालं ते त्या १२०० फुटांमुळे. तीन रुंद, पाच लांब असा पंधरा बार्जचा तांडा, मागून ढकलणारी टोबोट, सगळं एका दमात आत मावतं. नदीवर पोट असणाऱ्यांना याहून काय हवं! बघणाऱ्याची मात्र पंचाईत. एकेक बार्ज १९५ फूट. तांड्याचं नाक आपल्यासमोर असतं तेव्हा टोबोट जवळजवळ हजार फूट मागे. मधे नुसती बार्जची झाकणं. पाणी उतरतं, दार उघडतं, तांडा निघून जातो, आणि बाबा विचारतात, "झालं?" उंचावरून माणसं तर ठिपक्याएवढीच.

स्टार्व्ड रॉकचं लॉक १९३३ चं, निम्म्या लांबीचं. तिथे मोठा तांडा तोडावाच लागतो. आधी पुढच्या नऊ बार्ज आत घालतात : ५८५ फूट लांबी, ६०० फुटांच्या खोक्यात. रुंदीत तर दोन्ही बाजू मिळून पाचच फूट मोकळे. डेकहॅण्ड, म्हणजे बार्जवरचे कामगार, लांब दांड्याचे रॅचेट फिरवून बार्ज बांधणाऱ्या तारा सैल करतात, जड तार खुंटावरून उचलून बाजूला टाकतात, आणि दोन बार्जमध्ये हळूहळू पाण्याची फट दिसू लागते. टोबोट उरलेल्या सहा घेऊन मागे सरते. पहिल्या नऊ इंजिनाविना खाली उतरतात, विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) त्यांना ओढून बाहेर काढते, लॉक पुन्हा भरतं, मग उरलेल्या सहा आणि बोट. शेवटी सगळी जोडाजोड परत. हे सगळं लॉकशेजारच्या व्हिजिटर सेंटरच्या कठड्यावरून दिसतं, आणि कामाची माणसं चेहऱ्यासकट दिसतात.

माझे सासरे वास्कोचे. मांडवी-झुआरीत खनिजाच्या बार्ज बघतच म्हातारे झाले. पण त्या स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या. इथे नऊ बार्ज सुट्या झालेल्या बघून म्हणाले, "अहो, हिचं इंजिन कुठं आहे?" ऑल्टनला हा प्रश्न कदाचित पडलाच नसता.

तोटा उघड आहे : वेळ. मोठा तांडा असेल तर दीड-दोन तास धरा, शिवाय तो येईपर्यंतची वाट. छोटा आला तर तोडाजोड नाहीच. म्हणून निघण्यापूर्वी लॉक चालवणाऱ्या आर्मी कोअरच्या साइटवर लॉकची रांग बघा, जहाजं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या मरीनट्रॅफिकवरही अंदाज येतो. दुरुस्तीसाठी लॉक बंद नाही ना, तेही तपासा. २०२० च्या उन्हाळ्यात ते काही महिने बंद होतं.

आणखी एक. स्टार्व्ड रॉकचं स्टेट पार्क दक्षिण काठावर आहे, लॉक उत्तरेला. बरेचजण खडकावर चढतात, लांबून धरण बघतात आणि तेवढ्यावर परततात. यूटिकाचा पूल ओलांडून डी बेनेट रोडला या.

हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याच्या गरुडांसाठी (बॉल्ड ईगल) दोन्ही ठिकाणं चांगली, तिथे मी उगाच पक्ष घेत नाही.

सेंट लुईसच्या लोकांनी साडेतीन तास गाडी हाकत वर यावं का? दर पाहुण्यामागे नको. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात मका-सोयाबीनचे तांडे न्यू ऑर्लिन्सकडे निघतात तेव्हा एकदा जरूर या. म्युझियम काय, तुमच्या घराजवळच आहे.